जुन्या डेस्कटॉपला जादा पंखा: उपयोग होतो की नुसताच आवाज?

मुद्राराक्षस_अकोला
२२ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, बिलबुकं, आता जास्त करून फ्लेक्स. दुकानातला मुख्य संगणक २०१२ साली जुळवून घेतलेला: आय-फाइव्ह २४०० प्रोसेसर, एच६१ चा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. वेगळं ग्राफिक कार्ड नाही. मागच्या बाजूला ८० मिमीचा एक पंखा, प्रोसेसरवरचा मूळचा पंखा, आणि एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या डब्याचा) जो काय असेल तो.

अकोल्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. वरून पत्रे. सकाळी मशीन झकास चालतं. दुपारी दोन-अडीच वाजले, की मोठी फाइल पीडीएफ करायला टाकली रे टाकली, खट्‌कन बंद. एररचा निळा पडदा नाही, काही नाही. दहा मिनिटांनी परत चालू होतं. अक्षय्य तृतीया आठ दिवसांवर आली आहे आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं.

इथला मेकॅनिक म्हणतो, "भाऊ, एक जादा पंखा टाका, अडीचशेत काम होते." दुसरा म्हणतो, पंख्यानं काही होत नाही, मशीनच बदला. तर प्रश्न असे:
पुढून बसवू, की बाजूच्या पत्र्याला? एक की दोन? आणि बोर्डावर पंख्याची एकच जागा आहे, ती भरलेली आहे. मग वायर कुठे जोडू?

---

जाता_जाता
२२ एप्रिल, रात्री ९.४८

तेरा वर्षं झाली. सत्कार करा आणि नवीन घ्या.

---

मुद्राराक्षस_अकोला
२२ एप्रिल, रात्री १०.०५

घेतलं असतं हो. पण माझं सगळं जुनं काम पेजमेकर ७ मध्ये आणि जुन्या मराठी फॉन्टांत आहे. फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवर (संगणकाला लावायच्या किल्लीवर) चालतं, ते डोंगल विंडोज ७ च्या पुढे ओळखतच नाही. बारा-तेरा वर्षांच्या पत्रिकांचे साचे आहेत त्यात. युनिकोडमध्ये आणायचे तर प्रत्येक ओळीतले रफार आणि वेलांट्या पुन्हा तपासत बसावं लागतं. नावाला उगाच मुद्राराक्षस घेतलं नाही.

---

खटपट्या
२२ एप्रिल, रात्री ११.१२

आपला विषय! बसा निवांत.

२००५ मध्ये माझ्याकडे पेंटियम ४ होता, तो ९० नॅनोमीटरवाला प्रेस्कॉट. ज्यांनी वापरलाय त्यांना कळेल. थंडीत त्याच्या मागे हात धरून शेकायचो. तेव्हा मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक करत पाच पंखे आणले. पुढे दोन, मागे एक, बाजूच्या पत्र्याला जिगसॉनं भोक पाडून एक, आणि वर एक. भोक पाडताना आतलं सामान काढायचा कंटाळा केला. वर्तमानपत्र झाकलं आणि पत्रा कापला. लोखंडाचा कीस कुठे कुठे गेला देव जाणे. चालू केल्यावर बोर्डावर एक ठिणगी, एक वास, आणि संपलं. पंखे पाचही फिरत होते म्हणा.

तर पहिला धडा: पत्रा कापायचा असेल तर आतलं सगळं बाहेर काढा. त्याहून बरं म्हणजे कापूच नका. तुमच्या २०१२ च्या कॅबिनेटला पुढच्या जाळीमागे १२० मिमीची जागा आणि चार भोकं बहुतेक असतीलच. पुढचं प्लास्टिकचं तोंड ओढून काढा आणि बघा.

वायरचं म्हणाल तर एसएमपीएसमधून येणाऱ्या चार तारांच्या मोलेक्स कनेक्टरला जोडता येतं. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, मधल्या दोन काळ्या अर्थ. पंख्याचा पिवळीवर आणि काळीवर जोड, पूर्ण वेगात फिरेल. आवाज नको असेल तर पिवळी आणि लाल यांच्यामध्ये जोडा, ७ व्होल्ट मिळतात, गरीब गाईसारखा फिरतो.

---

चिंचगुळाची_आमटी
२३ एप्रिल, सकाळी ८.३०

खटपट्या, तुमची ती ७ व्होल्टची युक्ती दुसऱ्याच्या धंद्याच्या मशीनवर नका सांगू. तिथे पंख्याचा परतीचा प्रवाह ५ व्होल्टच्या लाइनीत ढकलला जातो. पंखा आतून शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट सरळ त्या लाइनीत जातील, आणि तिच्यावर हार्ड डिस्क आहे.

मुद्राराक्षस दादा, मी चौदा वर्षं हार्डवेअर सपोर्टमध्ये आहे. पंख्याचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी सांगा.

१. तापमान किती? एचडब्ल्यूमॉनिटर हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाका. नुसतं चालू असताना आणि पीडीएफ करताना, दोन्ही आकडे.
२. आतून शेवटचं कधी साफ केलं?
३. प्रोसेसरची पेस्ट शेवटची कधी बदलली? "पेस्ट म्हणजे काय" हे उत्तर असेल तर तेही चालेल, रोज ऐकते.

---

तांबडा_पांढरा
२३ एप्रिल, सकाळी ९.०२

एवढं कशाला? बाजूचा पत्रा काढायचा, शेजारी टेबलफॅन लावायचा. आमच्या तालमीजवळच्या सायबर कॅफेत आठ वर्षं असंच चालू होतं भावा. एकही मशीन तापलं नाही.

---

नवखा_०९
२३ एप्रिल, सकाळी ९.२०

पण मी वाचलंय की पत्रा काढला की हवेचा प्रवाह बिघडतो आणि उलट जास्त तापतं?

---

अण्णा_फिटर
२३ एप्रिल, सकाळी ११.४५

कारखान्यात ब्लोअर आणि डक्ट सांभाळण्यात माझी चौतीस वर्षं गेली, म्हणून दोन शब्द.

तांबडा-पांढरा यांचंही खरं आहे आणि नवख्याचंही. टेबलफॅन कॅबिनेटच्या पंख्याच्या कितीतरी पट हवा फेकतो. तो समोर असेल तर डक्टिंग गेलं खड्ड्यात, गार होणारच. पण टेबलफॅन नाही आणि नुसताच पत्रा काढला, तर प्रोसेसरला बरं वाटतं आणि हार्ड डिस्कचं मात्र वाईट होतं. कारण बंद पेटीत मागचा पंखा जी हवा ओढतो, ती पुढून हार्ड डिस्कवरून येते. पत्रा काढला की तोच पंखा जवळच्या मोकळ्या बाजूनं हवा घेतो. हवा आळशी असते, जवळची वाट धरते.

आता पंखे किती. हिशेब सोपा आहे. आत समजा १०० वॅट उष्णता तयार होते. मिनिटाला ४० घनफूट हवा पेटीतून गेली, तर ती साधारण साडेचार अंशांनी तापून बाहेर पडते. हवा दुप्पट केली, ८० घनफूट, तर सव्वादोन अंश. म्हणजे दुसऱ्या पंख्यानं दोन-सव्वादोन अंशांचा फायदा. तिसऱ्यानं एक अंशही नाही. पहिला पंखा संसार चालवतो, बाकीचे पाहुणे. (खोक्यावर छापलेली घनफुटं उघड्यावर मोजलेली असतात. जाळी, वायरी आणि धूळ धरून त्यातली निम्मी मिळाली तरी खूप.)

आणि पंखा हा काही एसी नव्हे. दुकानात ४० अंश असतील तर पेटीतली हवा ४० च्या खाली येणार नाही, पंखे दहा लावा.

म्हणून माझा प्रश्न उलटा आहे. आत्ताच्या एका पंख्यातून जेवढी हवा जायला हवी तेवढी जाते का? मागे हात धरून बघा. उदबत्ती आणखी चांगली. धूर कुठे ओढला जातो आणि कुठे तुंबतो ते लगेच दिसतं.

---

मालवणी_मसाला
२३ एप्रिल, दुपारी १.१०

आमच्याकडे उष्णतेपेक्षा खारी हवा. मागचा पंखा बाहेर फेकणारा असेल तर आत हवा फटीफटीतून येते, डीव्हीडीच्या तोंडातून, यूएसबीच्या भोकातून, आणि तिच्याबरोबर धूळ आणि दमट खार. मी पुढे १२० मिमीचा आत ओढणारा बसवला आणि त्याच्यापुढे डासांच्या जाळीचा तुकडा. आता धूळ एकाच जागी जमते, महिन्याला ब्रश मारला की झालं.

शिवाय जाळी लावल्यापासून पाल आत शिरलेली नाही. आधी दोन वर्षांपूर्वी एक एसएमपीएसमध्ये गेली होती. पुढचं सांगत नाही, जेवणाची वेळ आहे.

---

बर्फातला_बंड्या
२३ एप्रिल, दुपारी १.३०

कॅल्गरीहून नमस्कार. इकडे जानेवारीत खिडकी दोन बोटं उघडली की प्रोसेसर २० अंशांवर. पंखाबिंखा कशाला, येता का राहायला?

---

मालवणी_मसाला
२३ एप्रिल, दुपारी १.३४

बंड्या, तू तिकडे आंबो खातंस कितीक, ता आधी सांग.

---

टपोरी_टंकलेखक
२३ एप्रिल, दुपारी ४.१५

यावरून आठवलं. आमच्या शाळेत १९९८ साली तीन संगणक आले. तालुक्यात पहिले. त्यांना वेगळी खोली, खोलीला गालिचा, आणि गावातला पहिला एसी. चपला बाहेर. एका मुलाच्या पायाला वास येतो म्हणून सरांनी त्याला पाय धुऊन यायला लावलं होतं. मुख्याध्यापकांना स्वतःच्या खोलीत साधा पंखा, तोही खडखडणारा. मे महिन्यात ते "संगणकांची पाहणी" करायला रोज दुपारी दोन तास यायचे.

---

चिंचगुळाची_आमटी
२३ एप्रिल, दुपारी ४.४०

हाहा. आमच्याकडे तर संगणकाला मखमली कव्हर होतं, पिको केलेलं. बंद केल्या केल्या गरम मशीनला गोधडी घालून झोपवायचे.

---

मुद्राराक्षस_अकोला
२३ एप्रिल, रात्री १०.२०

चिंचगुळाची ताई, आकडे घ्या. दुपारी तीन वाजता, दुकानात ३९ अंश (भिंतीवरच्या तापमापकावर). नुसतं चालू: ६२. पीडीएफ करताना: ९० च्या पुढे गेलं, ९३ बघितलं आणि बंद पडलं. हार्ड डिस्क ५२.

साफ केलं होतं दोन वर्षांपूर्वी, दिवाळीत. पेस्ट: तुम्ही म्हणालात तेच उत्तर.

---

चिंचगुळाची_आमटी
२३ एप्रिल, रात्री १०.५०

वाटलंच. या प्रोसेसरची स्वतःची मर्यादा ९८ च्या आसपास आहे. तिथे पोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. तडक बंद पडणं ही त्याच्याही पुढची पायरी. तुमचं ९३ लाच बंद पडतंय हे मला जरा खटकतंय, ते लक्षात ठेवू. पण आधी घाण काढा.

मुख्य वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा. हात एकदा कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला लावा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भलत्याच वेगानं गरगरतं आणि बेअरिंग जातं. सायकलच्या दुकानातली कॉम्प्रेसरची हवा वापरू नका, टाकीत पाणी साठलेलं असतं, तुषार उडतात.

प्रोसेसरवरच्या कूलरला चार काळ्या खुंट्या असतात. वर बाण कोरलेला असतो. लोक समजतात बाण म्हणजे घट्ट करायची दिशा. उलटं आहे, बाण सोडवायची दिशा दाखवतो. बाणाकडे पाव फेरा फिरवा आणि वर ओढा. जुनी पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारा लेप) खडूसारखी झालेली असेल, ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडक्यानं पुसा. नवीन पेस्ट मधोमध तुरीच्या डाळीएवढी. लोणी लावायचं नाही. परत बसवताना खुंट्या समोरासमोरच्या दाबा, चारही "टक्" वाजायला हव्यात. तीन वाजल्या आणि एक नाही, असं चालत नाही.

आत गेलाच आहात तर बोर्डावरची उभी नळकांडी, म्हणजे कपॅसिटर, बघून घ्या. टाळू सपाट हवी. फुगलेली दिसली तर इथे फोटो टाका.

---

खटपट्या
२३ एप्रिल, रात्री ११.३०

७ व्होल्टबद्दल ताईंचं मान्य. माझे तीन पंखे तसे अठरा वर्षं चाललेत, पण माझा धंदा त्यावर नाही.

---

तांबडा_पांढरा
२४ एप्रिल, सकाळी ७.५५

वीजबिलाचं कुणी बोललं नाही. आमचे पिताश्री पंखा म्हटलं की मीटरकडे बघतात.

---

अण्णा_फिटर
२४ एप्रिल, सकाळी ९.१०

१२ व्होल्ट गुणिले ०.१५ अँपिअर, म्हणजे १.८ वॅट. रोज आठ तास धरले तरी महिन्याला अर्धं युनिट होत नाही. पिताश्रींना सांगा, देवघरातला पाच वॅटचा दिवा त्याच्या पावणेतीनपट खातो.

---

तांबडा_पांढरा
२४ एप्रिल, सकाळी ९.१२

देवघराचं नाव काढायचं धाडस आमच्यात नाही.

---

मुद्राराक्षस_अकोला
२४ एप्रिल, रात्री ११.०५

राजेहो, आज अर्धा दिवस दुकान बंद ठेवून मोहीम केली. कूलरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर जे होतं त्याला धूळ म्हणणं म्हणजे अपमान आहे. नमदा होता, नमदा. कात्रीनं कापला असता तर पायपुसणं झालं असतं. दुकानात कागद कापायचं मशीन आहे, त्याचा भुगा आणि पंख्यातली धूळ मिळून ते विणलं गेलेलं. पेस्ट खडूच. कपॅसिटर सगळे सपाट.

खुंट्यांचा बाण मी बरोब्बर उलटाच समजत होतो. तीन वाजल्या आणि चौथीला अर्धा तास लागला.

आता आकडे, दुकानात तेच ३९: नुसतं चालू ४९, पीडीएफ करताना ७९. एकदम चौदा अंश खाली! नवीन पंखा नाही, काही नाही. पेस्टची नळी ऐंशी रुपये.

पण... साडेतीनला एक मोठं फ्लेक्स करताना पुन्हा खट्‌कन बंद. तेव्हा तापमान ७७ होतं.

---

चिंचगुळाची_आमटी
२४ एप्रिल, रात्री ११.२०

मग प्रोसेसर निर्दोष. ७७ ला तो बंद पडत नसतो. मला ९३ लाच शंका आली होती. माझा संशय आता एसएमपीएसवर.

---

जाता_जाता
२५ एप्रिल, सकाळी ८.०१

एवढे साठ-सत्तर परिच्छेद झाले, पण एक कुणीच विचारलं नाही. ते कॅबिनेट ठेवलंय कुठे?

---

मुद्राराक्षस_अकोला
२५ एप्रिल, सकाळी ८.२५

संगणकाचं टेबल आहे ना, त्याच्या खालच्या खणात. तयार टेबलाला सीपीयूसाठी कप्पा असतो तोच. पुढे छोटं दार आहे, धूळ नको म्हणून ते लावून ठेवतो. मागून प्लाय, वायरींसाठी गोल भोक.

---

अण्णा_फिटर
२५ एप्रिल, सकाळी ८.४०

अहो!! म्हणजे पेटीत पेटी. मागचा पंखा जी तापलेली हवा फेकतो ती प्लायला आपटून त्याच खणात फिरते आणि पुढून पुन्हा आत येते. माझा परवाचा सगळा हिशेब "आत येणारी हवा खोलीतली आहे" हे धरून होता. तुमच्या खणात ती हवा ३९ ची नसणार, ४५ ची असेल, ५० चीही असेल. तिथे दहा पंखे लावलेत तरी ते तीच हवा ढवळतील. बंद खोलीत सीलिंग फॅन फुल्ल सोडून झोपल्यासारखं.

आधी ते धूड बाहेर काढा. भिंतीपासून वीतभर लांब.

---

टपोरी_टंकलेखक
२५ एप्रिल, सकाळी ८.५२

कप्प्याचं दार करणाऱ्या सुताराला कुणीतरी विचारायला हवं की त्याच्या मनात नेमकं काय होतं. आमच्या घरच्या टेबलात तर त्या कप्प्याला कुलूपही होतं.

---

मुद्राराक्षस_अकोला
२५ एप्रिल, दुपारी ४.३०

बाहेर काढलं आणि खरी भानगड सापडली.

तेरा वर्षांत या मशीनची मागची बाजू उजेडात कुणी बघितलीच नव्हती. कालसुद्धा मी बाजूचा पत्रा काढून खाली बसून काम केलं, पाठ भिंतीकडेच. आज चालू करून मागून उदबत्ती धरली, अण्णांनी सांगितल्याप्रमाणे. ८० मिमीचा पंखा धूर बाहेर फेकतोय. एसएमपीएसच्या जाळीपुढे धूर सरळ वर. टॉर्च मारला, तर आतलं पातं ढिम्म. फिरतच नाही! काडीनं ढोसलं तर दोन फेरे मारतो आणि थांबतो. पेटीला वरून हात लावला तर तव्यासारखी.

म्हणजे मी नवा पंखा कुठे लावू विचारत होतो आणि इथे जुनाच मेलेला.

---

खटपट्या
२५ एप्रिल, दुपारी ४.४५

जमलं! मागचं स्टिकर सोला, खाली रबराची टोपी असेल, तिच्यात शिलाई मशीनचं तेल एक थेंब. स्लीव्ह बेअरिंगचा असेल तर वर्षभर पळेल. फक्त खोबरेल घालू नका. मी घातलं होतं. डिसेंबरात गोठलं आणि सकाळी पंखा उठेचना. ऊन आलं की उठायचा.

---

चिंचगुळाची_आमटी
२५ एप्रिल, दुपारी ४.५०

खटपट्या!! तो पंखा एसएमपीएसच्या आत आहे. त्याच्या शेजारचे मोठे कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर भरलेले असतात आणि वायर काढली तरी काही वेळ भरलेलेच राहतात. घरगुती माणसाला तो डबा उघडायला सांगू नका, हात जोडते. शिवाय पंखा नसताना तो किती महिने भाजून निघालाय कुणास ठाऊक. त्याच्या आतल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं.

दादा, नवीन एसएमपीएस घ्या. तुमच्या मशीनला ४०० वॅटचा, नाव असलेला, पुरून उरतो. हलका डबा घेऊ नका. हातात घेऊन वजन बघा, हलका असेल तर आत तांबं आणि लोखंड कमी.

---

नवखा_०९
२५ एप्रिल, संध्याकाळी ६.०५

मग प्रोसेसर ९० ला असताना पण तेच कारण होतं का? एसएमपीएस तापून स्वतःच बंद होत होता?

---

चिंचगुळाची_आमटी
२५ एप्रिल, संध्याकाळी ६.१५

हो, तसंच दिसतंय. बऱ्याच एसएमपीएसना स्वतःचं तापमान-संरक्षण असतं, गार झाले की परत चालू होतात. दहा मिनिटांनी सुरू व्हायचं ते म्हणूनच. पीडीएफ करताना भार वाढतो, दुपारी खण तापलेला, पंखा बंद. सगळं एकाच डब्यावर.

---

मालवणी_मसाला
२५ एप्रिल, रात्री ८.३०

पाल नाही ना निघाली आत?

---

मुद्राराक्षस_अकोला
२८ एप्रिल, रात्री १०.१५

पाल नाही, पण झुरळाची पिल्लं होती.

नवीन एसएमपीएस टाकला, १२० मिमीच्या पंख्याचा. मशीन टेबलाबाहेर, एका पाटावर. तीन दिवस झाले, एकदाही बंद पडलं नाही. काल बाहेर ४३ होतं. पीडीएफ करताना प्रोसेसर ७४.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो पंखा मी मोहिमेच्या आदल्या दिवशीच घेऊन ठेवला होता. २४० रुपये, १२० मिमी. टाकायचा कशाला, म्हणून काल पुढे बसवला. खटपट्या म्हणाले तसं तोंड ओढून काढलं, जागा होतीच. मोलेक्सला पिवळी-काळी. पहिल्यांदा उलटा लागला. उदबत्तीचा धूर पुढून बाहेर यायला लागला तेव्हा कळलं. ज्या बाजूला स्टिकर आणि आडव्या दांड्या, तिकडे हवा जाते, हे आता कायमचं पाठ. पुढे डासांची जाळी.

निकाल: प्रोसेसर ७४ चा ७३. म्हणजे काही नाही. पण हार्ड डिस्क खणाबाहेर काढल्यावर ५२ ची ४९ झाली होती, ती पंख्यानंतर ४३! पंखा सरळ तिच्यावरच फुंकतो.

---

अण्णा_फिटर
२९ एप्रिल, सकाळी ७.२०

बरोबर आहे. प्रोसेसरला स्वतःचा पंखा आहे, हार्ड डिस्कला कुणी नव्हतं. दुकानात ४० असताना डिस्क ४३ म्हणजे फार छान. तुमचे साचे तिच्यावरच आहेत ना? मग २४० रुपये वाया गेले नाहीत.

---

चिंचगुळाची_आमटी
२९ एप्रिल, सकाळी ८.१०

आणि तेरा वर्षांच्या त्या डिस्कची प्रत काढून ठेवली आहे का, हे मी विचारतच नाही.

---

मुद्राराक्षस_अकोला
२९ एप्रिल, सकाळी ८.४५

तृतीया झाली की पहिलं काम तेच. आईशप्पत.

---

चिंचगुळाची_आमटी
२९ एप्रिल, सकाळी ८.४७

आज. रात्री दुकान बंद करताना बाहेरची डिस्क लावून ठेवा आणि घरी जा.

---

जाता_जाता
२९ एप्रिल, सकाळी ९.००

आणि आवाज? शीर्षकात होता.

---

मुद्राराक्षस_अकोला
२९ एप्रिल, सकाळी ९.३०

नवा पंखा ऐकूच येत नाही. आधी जी घरघर होती ती नमद्याखाली गुदमरलेल्या कूलरची होती. आता मशीन चालू आहे की नाही ते वाकून दिवा बघावं लागतं. काल शेजारच्या चहावाल्यानं विचारलं, "काहून भाऊ, आज लाइट नाही का?"

---

खटपट्या
२९ एप्रिल, सकाळी ९.४१

जुना एसएमपीएस भंगारात देऊ नका. महिनाभर तसाच ठेवा आणि मग मला पाठवा. त्या पंख्यात अजून जीव आहे.

---

मुद्राराक्षस_अकोला
२९ एप्रिल, सकाळी ९.५५

पाठवतो. टपालखर्च तुमचा, झुरळं फुकट.